दिगूच्या गाडीवरची बाई

"परत गा. पहिल्यापासून," अय्यूबभाई म्हणाला. "मधेच खोकलास तू."

"खोकलो तर काय बिघडलं?" मी म्हणालो. "तुला आवाजच बसवायचाय ना?"

अय्यूबभाईने दिगूकडे पाहिलं. दिगू पिकअपच्या हौद्यात एका नव्याकोऱ्या पेटीवर मांडी घालून बसला होता. तो हसला. "गा रे यादव्या. एवढं सगळं तुझ्या गळ्यासाठी तर चाललंय."

मग मी परत गायलो, पहिल्यापासून.

कोपरगावला स्टेशन रोडवर अय्यूबभाईचं दुकान होतं. गाड्यांना साउंड बसवून देण्यात आमच्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू. दिगूने आपली पिकअप त्याच्या दारात लावली होती आणि जुनं सगळं उतरवून टाकलं होतं. चार भोंगे, आवाज वाढवणारं एक जुनाट मशीन आणि चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी एवढ्यावर आम्ही सात-आठ वर्षं लग्नं वाजवली होती. दिगू की-बोर्ड वाजवायचा, त्याचा मावसभाऊ पॅडवर ताल धरायचा आणि मी गायचो. आमच्या पार्टीला लोक सकट पार्टी म्हणत, कारण गाडी दिगंबर सकटची. पण सुपारी द्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा तो माझ्याबद्दल. "ते दोन आवाजवाले आहेत ना?"

मला दोन आवाज होते. पोरांचा आवाज फुटतो तसा माझाही फुटला, पण आधीचा गेला नाही, तो वर तसाच राहिला. पुरुषाचं गाणं मी पुरुषासारखं म्हणायचो आणि बाईचं गाणं बाईसारखं. डोळे मिटून ऐकलं तर कोणी सांगू शकत नसे. डोळे उघडे असले की मात्र मिशीवाला, रापलेल्या तोंडाचा यादव वैरागर दिसायचा, आणि लोक हसायचे. शाळेत असल्यापासून गाव मला यादवबाई म्हणत आलं होतं. दिगू माझ्याच आळीतला. मला यादवबाई म्हणाला म्हणून त्याने एकदा एकाचं नाक फोडलं होतं. त्यामुळे त्याने मला गा म्हटलं की मी गात असे, का म्हणून विचारत नसे.

नवीन साउंड बघून मी हरखलो होतो. छातीएवढ्या उंचीच्या बेसच्या पेट्या, त्यांच्यावर बारीक आवाजाचे टॉप, केबिनच्या मागे लोखंडी चौकटीत एकावर एक बसवलेली मशिनं, आणि दिगूच्या हाताशी येईल असा मिक्सर, त्यावर बटणंच बटणं. अय्यूबभाईने पहिल्यांदा माईक माझ्या हातात दिला, मी नुसतं "हॅलो" म्हणालो, तर समोरच्या टपरीवर चहा पिणाऱ्या माणसाने मागे वळून पाहिलं. भोंग्यातून माझा आवाज कायम पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा. आपण गाताना श्वास कुठे घेतो, शब्द कुठे सोडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दिगूने पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला वाटलं होतं, त्यालाही भरून आलं.

हे आठवडाभर चाललं. रोज दुपारी अय्यूबभाई दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा, रस्त्याचा आवाज नको म्हणून. पंखासुद्धा बंद करायचा. आणि मी एकटाच गायचो. की-बोर्ड नाही, पॅड नाही. हळदीची गाणी, नवरदेव मारुतीला नेतानाची, वरमाळेची, पाठवणीची. सगळी बाईच्या आवाजातली.

"पुरुषाच्या आवाजातली कधी घ्यायची?" मी एकदा विचारलं.

"ती काय, सोपी आहेत," दिगू म्हणाला. "बारीक आवाज बसला की जाड आपोआप बसतो."

शेवटच्या दिवशी अय्यूबभाईने पाठवणीचं गाणं घेतलं. हे गाणं मी केलेलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आई दारात उभी राहून जे काही पुटपुटत होती, त्यावरून मी ते जुळवलं होतं.

थांब गाडीवाल्या दादा, लेक माझी मागं पाही,
चुलीपाशी तिची जागा, तिथं आता कोणी नाही.

ते संपलं तेव्हा अय्यूबभाईने एक बटण दाबलं. मग म्हणाला, "हे परत नको. हे झालं."

घरी माझी बायको कांता त्या नव्या पेट्यांसाठी झालर शिवत होती. लाल मखमल आणि तिला सोनेरी किनार. दिगूने कापड आणून दिलं होतं आणि कांताने मशीनवर बसून कमरेचा काटा ढिला करून घेतला होता. मी तिला दुकानातलं सगळं कौतुकाने सांगत होतो. ती पायडल मारता मारता थांबली.

"पंखा का बंद करतात?"

"आवाज नीट बसावा म्हणून."

"वरातीत काय पंखा बंद असतो का? तिथं जनरेटर चालतो, फटाके वाजतात, पोरं ओरडतात. आवाज बसवायचाय तर तसल्या गोंगाटात बसवायचा. एवढ्या शांततेत कशाला?"

"तुला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

ती पुन्हा पायडल मारायला लागली.

त्या सराईतलं पहिलं लग्न आम्ही राहात्याजवळ वाजवलं. अशी वरात मी आयुष्यात केली नव्हती. माझा आवाज पुढच्या वळणापर्यंत जात होता. माड्यांवर बाया उभ्या होत्या. नवरदेवाचा मामा गाडीवर चढला आणि त्याने माझ्या गळ्यात त्याचा फेटा घातला. परतताना दिगू काही बोलत नव्हता. मीच बोलत होतो.

त्यानंतर दोन लग्नं झाली आणि मग दिगूचं बोलावणं येईना. मी विचारलं की म्हणायचा, "अरे, छोटं लग्न होतं. नुसती गाणी लावायची होती, गाणाऱ्याची सुपारी नव्हती." पुढच्या खेपेला म्हणाला, "लांबचं होतं, मुक्काम पडला असता, तुला कशाला त्रास." मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचो आणि गाडी आळीतून तशीच निघून जायची. झालर मात्र कांताचीच होती, लांबून चमकायची. माघ लागला तशी मी कांद्याच्या खळ्यावर निवडायच्या कामाला जायला लागलो. तिथल्या बाया म्हणायच्या, यादवदादा, एखादं म्हणा की. मी म्हणत नसे. धुळीने गळा बसतो आणि मला गळा जपायचा होता.

वैशाखात कांताच्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, वैजापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवर. आम्ही दोघं एसटीने गेलो आणि फाट्यावर उतरून चालत निघालो. ऊन कलायला आलं होतं. वस्ती अजून लांब होती, मांडव दिसत होता, आणि गाणं ऐकू आलं. नवरदेव मारुतीला निघाला असावा. एक बाई गात होती.

मला आधी काहीच कळलं नाही. उलट मी म्हणालो, "आवाज गोड आहे बाईचा."

कांता उभी राहिली. तिने पिशवी खाली ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही आहात."

"मी इथं आहे."

"ऐका तर. तिसऱ्या ओळीच्या आधी तुम्ही श्वास घेता तसाच घेतला. रोज ऐकते मी घरात. तुम्हीच आहात हे."

आम्ही भरभर चालत मिरवणुकीला गाठलं. दिगूची पिकअप सावकाश सरकत होती. लाल झालर होती. दिगू की-बोर्डवर वाकला होता, आणि त्याच्या पुढे, पेट्यांच्या मध्ये केलेल्या फळीवर, एक बाई उभी होती. तिशीतली. चंदेरी टिकल्यांची साडी, केसांत गजरा, हातात माईक. ती तोंड उघडत होती, मिटत होती, हात पसरत होती, आणि माझा आवाज तिच्या तोंडातून बाहेर पडत होता. ओठांचा आणि शब्दांचा मेळ इतका बरोबर होता की मलाच क्षणभर शंका आली. पोरं तिच्याकडे बघून शिट्ट्या मारत होती. बाया एकमेकींना कोपरं मारून म्हणत होत्या, काय गळा दिलाय देवाने.

माझे पाय गाडीकडे वळले. कांताने माझं मनगट धरलं.

"लग्नघर आहे," ती म्हणाली. "पोरीचं लग्न लागू द्या."

"माझा आवाज आहे तो."

"म्हणूनच सांगते. आज नको."

तिची पकड सैल झाली नाही. मी थांबलो. दिगूने मला पाहिलं ते त्याच वेळी. त्याची बोटं की-बोर्डवर तशीच चालू राहिली. खरं तर त्या बोटांनी काही वाजतच नव्हतं. सगळं गाणं आधीच भरून ठेवलेलं होतं, बोटं नुसती फिरत होती.

लग्न लागलं. पंगती बसल्या. मी मांडवाच्या मागे गेलो तर पिकअप चिंचेखाली लावलेली होती. दिगू आणि त्याचा मावसभाऊ जेवायला गेले होते. ती बाई गाडीच्या मागच्या फाळक्यावर पाय सोडून एकटीच बसली होती, मांडीवर पत्रावळ. साडीला डाग पडू नये म्हणून तिने पदराखाली टॉवेल पसरला होता. जवळून पाहिली तर पावडरीखाली चेहरा थकलेला होता.

"जेवलात का दादा?" तिने विचारलं.

मी दचकलो. तिचा आवाज जाडाभरडा, घोगरा होता. घशात काहीतरी अडकल्यासारखा.

"जेवेन," मी म्हणालो. "नाव काय तुमचं?"

"गाडीवर रेश्मा. घरी वंदना." ती हसली. "माझा आवाज ऐकून दचकलात ना? सगळेच दचकतात. म्हणून दिगूभाऊ मला कोणाशी बोलू देत नाहीत. तुम्ही वऱ्हाडातले का?"

"नवरीकडचा. मी आधी दिगूच्या पार्टीत होतो."

तिने घास तसाच ठेवला. "मग तुम्हाला माहीतच असेल. मी गात नाही."

"माहीत आहे."

"येवल्याला मागावर कांड्या भरायला जायचे मी. पोरगी दुसरीत आहे. नवरा गेला सुरतेला, तो गेलाच. दिगूभाऊंनी विचारलं, गाडीवर उभं राहायचं, नुसते ओठ हलवायचे. मी म्हटलं, लोक हसतील. पण मी दोन महिने मोबाइलवर गाणी ऐकून ऐकून पाठ केली. कुठं श्वास आहे, कुठं आवाज हलतो, सगळं. आता माझी चूक होत नाही."

"नाही झाली," मी म्हणालो. "मी बघत होतो."

तिला बरं वाटलं. तिने पत्रावळीतली बुंदी माझ्यापुढे केली, मी मान हलवली.

"दादा, तुम्ही पार्टीत होतात म्हणजे तुम्ही त्यांना पाहिलं असेल."

"कोणाला?"

"ज्यांचा आवाज आहे, त्या बाईंना."

मांडवात कोणीतरी वाढप्याला हाक मारत होतं. मी हो म्हणालो.

"कशा होत्या दिसायला?"

"साधी होती," मी म्हणालो. "काळीसावळी."

"स्वभावाने?"

"तशी गप्प असायची. गायला लागली की खुलायची."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "त्यांच्या पाठवणीच्या गाण्यात कळतं ना, लेक गेलेली आहे घरातून. बाईमाणसाशिवाय कोणाला सुचेल ते? चुलीपाशी तिची जागा." तिने पत्रावळ बाजूला ठेवली. "दिगूभाऊ म्हणाले, त्या वारल्या. घशाचं काहीतरी झालं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी सगळी गाणी म्हणून घेतली आणि गेल्या."

ती फाळक्यावरून उठली आणि हात धुवायला तांब्या घेतला.

"मी गाडीवर चढायच्या आधी रोज त्या पेटीला हात लावून पाया पडते," ती म्हणाली. "म्हणते, बाई, तुमच्या जिवावर माझ्या लेकीच्या पोटात अन्न जातं, तुमच्या गाण्याला कमीपणा येऊ देणार नाही. असं म्हटलं की मग भीती वाटत नाही. नाहीतर मेलेल्या माणसाचा आवाज तोंडात घ्यायचा म्हणजे..."

मी तिच्या हातावर पाणी घातलं. मिशीवर घाम आला होता, तो पुसला आणि मांडवात परत गेलो. कांताने पान वाढून ठेवलं होतं. मी जेवलो नाही.

पाठवणीला ते गाणं लागलं. कांताच्या बहिणीने, नवरीच्या आईने, पहिल्या दोन ओळी ऐकल्या आणि ती मटकन खाली बसली. लेकीला कवटाळून रडली. मग ती उठली, डोळे पुसत पिकअपपाशी गेली आणि तिने रेश्माला खाली बोलावलं. तिला कुंकू लावलं, खण दिला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या मनातलं म्हणालीस गं बाई." रेश्मा वाकून पाया पडली, पण तोंडातून शब्द काढला नाही. आजूबाजूच्या सगळ्या बायका रडत होत्या. कांता रडत नव्हती. ती माझ्याकडेही बघत नव्हती. झालरीची किनार एका जागी उसवली होती, तिथे बघत उभी होती.

नवरीची गाडी गेली, वऱ्हाड पांगलं. दिगू वायरी गुंडाळत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मावसभावाला आणि रेश्माला चहा प्यायला पाठवलं.

"शिव्या दे," तो म्हणाला. "देऊन टाक एकदाच्या."

"मला मारलंस कशाला?"

"काय?"

"तिला सांगितलंस, गाणारी बाई मेली म्हणून."

दिगूने हातातली वायर खाली ठेवली. "मग काय सांगू तिला? तुझं नाव? उद्या ती कोणाजवळ तरी बोलली असती की बाप्याचा आवाज आहे. पहिल्या दोन-तीन लग्नांत तर तिचे पायच थरथरायचे. एकदा मी म्हटलं, बाई मेली, तिचा आशीर्वाद आहे, तर नीट उभी राहायला लागली."

"आणि मी?"

"यादव्या, ऐक." तो फाळक्यावर बसला आणि मलाही बस म्हणाला. मी बसलो नाही. "लोकांना बाई पाहिजे. आजूबाजूच्या सगळ्या पार्ट्यांनी गाडीवर बाया आणल्या. गेल्या वर्षी माझ्या चार सुपाऱ्या कशावरून मोडल्या? तुमच्याकडे बाई नाही म्हणाले. बरं, ज्यांच्याकडे बाया आहेत त्यांच्यात गळा कोणाकडे आहे? नाहीच. माझ्याकडे गळा होता, बाई नव्हती. आता दोन्ही आहे."

"गळा तुझ्याकडे होता?"

तो जरा चिडून म्हणाला, "तुझं तोंड बघायला कोणी येत नाही रे. राग येईल तुला, पण खरं आहे. तुझा आवाज चालतो. तू चालत नाहीस."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर गायला असतास?"

उत्तर त्याला माहीत होतं. म्हणूनच पंखा बंद करून, सेटिंगच्या नावाखाली, त्याने माझ्याकडून ती गाणी एकेक करून काढून घेतली होती. आठवडाभर मी त्या पेट्यांसमोर जीव तोडून गात होतो आणि तो शेजारी बसून मोजत होता, आता किती राहिली.

"मी सांगेन लोकांना," मी म्हणालो.

"सांग." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "जा, मांडवात उभा राहा आणि सांग. ज्या बाईने आत्ता खण दिला तिला सांग की तो यादवबाईचा आवाज होता. खरं करून दाखवायला गाऊनही दाखव. रडत होती ना? हसून हसून खाली पडेल. आणि त्या रेश्माला उद्यापासून कोणी उभं करणार नाही. जा की."

यादवबाई. शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

त्याने मिक्सरला लावलेला पेन ड्राइव्ह उपसला आणि माझ्यापुढे धरला. बोटाच्या पेराएवढा. "घे. तुझं आहे ना? घेऊन जा. अय्यूबभाईकडे अजून आहे, माझ्या घरी आहे, मावसभावाकडे आहे."

मी तो घेतला नाही. त्याने थोडी वाट पाहिली आणि परत जागेवर लावला.

एसटीत कांता खिडकीशी बसली होती. वैजापूर मागे पडल्यावर म्हणाली, "मी तेव्हाच म्हणाले होते." मग तिलाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

मी दिगूच्या दारात परत गेलो नाही. कुठे बोललोही नाही. एकदा-दोनदा वाटलं होतं, पंचांपुढे जावं, पोलिसांत जावं. पण जाऊन म्हणणार काय, माझा बाईचा आवाज चोरीला गेला? शिवाय ती दुसरीतली पोरगी डोळ्यांपुढे यायची, जी मी पाहिलीही नव्हती.

दसऱ्याच्या आधी कांताच म्हणाली, "दुसरीकडे जा ना. गळा काही त्याने कापून नेला नाही." ते खरं होतं. गळा होता. पहाटे उठून मी पुन्हा रियाज सुरू केला. चांदवडला मुरलीधर गांगुर्डे म्हणून मोठे बँडवाले होते, तीन गाड्या, चाळीसेक माणसं. त्यांच्या एका ओळखीच्याकडून निरोप धाडला. त्यांनी बोलावलं.

गांगुर्डे भला माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, दोन वाजवणाऱ्यांना बोलावून घेतलं. "म्हणा," म्हणाले. "मोकळेपणी म्हणा."

मी हळदीचं म्हटलं. त्यांनी मान डोलावली. मग मी पाठवणीचं घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण गळा सोडून गायलो. शेवटच्या ओळीलाही आवाज हलला नाही. वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले.

गांगुर्ड्यांनी टाळी वाजवली. "वा! हुबेहूब. अगदी हुबेहूब."

"हुबेहूब म्हणजे?"

"म्हणजे त्या सकटच्या गाडीवरच्या बाईसारखं. रेश्मा. श्वाससुद्धा तिच्याच जागी घेता तुम्ही. किती दिवस मेहनत घेतलीत?"

मी म्हणालो, "हे गाणं माझं आहे. मी केलेलं आहे."

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. समजुतीने हसले. "अहो, आता ते गाणं तिच्या नावावर गेलंय. चार तालुक्यांत पाठवणीला लोक तेच मागतात. नक्कल करायला हरकत नाही, नकलेलाही अंग लागतं. पण काय आहे, अस्सल ती अस्सल. तिच्या आवाजात जी बाईची माया आहे, ती पुरुषाच्या गळ्यात कशी येणार?"

"ती गात नाही," मी म्हणालो.

"कोण?"

"रेश्मा. ती नुसते ओठ हलवते."

एक वाजवणारा खाली बघून हसला. गांगुर्ड्यांनी कप बशीत ठेवला. माझी कीव आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जरा पुढे झुकून, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "वैरागर, जळता का हो तिच्यावर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. भला माणूस होता. खरंच विचारत होता.

"हो," मी म्हणालो.